बर्फाला उंची कळत नाही

चप्पल घेताना आपण पाऊल मोजतो. सदरा शिवताना शिंपी छाती, खांदा आणि बाही मोजतो. सायकलची बैठक वरखाली करताना पायाची लांबी पाहावी लागते. छातीचे माप घेऊन चप्पल देणारा दुकानदार भेटला, तर त्याला आपण वेड्यात काढू. परंतु बर्फावरून घसरण्याच्या एका लोकप्रिय खेळात जवळजवळ असाच प्रकार वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नाही. हा खेळ म्हणजे स्नोबोर्डिंग.

स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी तयार केलेली एक रुंद, लवचिक फळी. स्की दोन असतात, दोन पायांना दोन, आणि स्कीवरचा माणूस समोर तोंड करून उतरतो. स्नोबोर्ड मात्र एकच असतो. त्यावर दोन्ही पाय आडवे ठेवून ते पट्ट्यांनी घट्ट बांधतात आणि स्वार अंग तिरपे ठेवून, एक खांदा पुढे काढून उतार उतरतो. या लेखात आपण स्नोबोर्डला सोयीसाठी नुसते ‘फळी’ म्हणू. ही फळी कोणी किती लांबीची घ्यावी? याचा सर्वांत प्रचलित नियम असा : फळी जमिनीवर उभी धरावी. तिचे वरचे टोक आपली हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान आले की माप जुळले.

माझे स्पष्ट मत असे आहे की, या नियमाला आता निवृत्त करावयास हवे. फळीचे माप उंचीवरून ठरत नाही. ते ठरते स्वाराच्या वजनावरून, त्याच्या पावलाच्या लांबीवरून आणि त्याला कोणत्या बर्फावर काय करावयाचे आहे यावरून. याची कारणे साध्या भौतिकशास्त्रात आहेत आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ती सहज समजण्यासारखी आहेत.

सह्याद्रीत बर्फ पडत नाही, मग आम्हाला याचे काय, असे तुम्ही विचाराल. काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडातील औली येथे हिवाळ्यात देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले जातात. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही असतात. २०२० साली गुलमर्गला झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंगचा समावेश होता. तेव्हा हा खेळ आता केवळ परदेशी चित्रांतला राहिलेला नाही. चुकीची फळी हाती आली, तर पहिल्याच दिवशी दहा-वीसदा आपटलेले मूल ‘मला हे जमणारच नाही’ असे मनाशी ठरवून मोकळे होते. दोष फळीचा असतो आणि शिक्षा मात्र मुलाच्या आत्मविश्वासाला होते. म्हणून हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

नियम आला कोठून?

या फळीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मस्कीगन गावी शेर्मन पॉपेन या गृहस्थांनी १९६५ सालच्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक रुंद खेळणे तयार केले. समुद्राच्या लाटांवर फळीवर उभे राहून जसे घसरतात, तसे बर्फावर घसरावे, ही त्यामागची कल्पना. या खेळण्याला ‘स्नर्फर’ असे नाव मिळाले. त्यावर पाय बांधण्याची सोय नव्हती. पुढच्या टोकाला एक दोरी असे आणि ती हातात धरून तोल सांभाळावा लागे. पुढे १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँट राज्यात अशा फळ्या बनवण्याचा उद्योग सुरू केला. पाय फळीला बांधण्याची सोय झाली, कडांना पोलादी पट्ट्या आल्या आणि खेळण्याचे हळूहळू साधन झाले. १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगला प्रथम स्थान मिळाले.

या नव्या खेळाला मापाची रीत मात्र जुन्या वळणाची लाभली. स्की निवडण्याचा जुना नियमसुद्धा उंचीचाच होता. हात सरळ वर करावा. स्कीचे टोक मनगटापर्यंत पोचले की माप बरोबर. हा नियम कित्येक पिढ्या चालला. पण त्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९३ साली स्लोव्हेनियातील एलान या कंपनीने कडांना खोल वक्र असलेली स्की बाजारात आणली. ती आखूड असूनही सुरेख वळत असे. बघता बघता साऱ्या स्कींचा आकार बदलला. १९९० च्या सुमारास स्लॅलम शर्यतीत पुरुष खेळाडू २ मीटरच्या आसपास लांबीच्या स्की वापरीत. पुढे त्याच शर्यतीत १६५ सें.मी.च्या स्की रूढ झाल्या. खेळाडूंची उंची काही ३५ सें.मी.ने घटली नव्हती! बदलली होती ती साधनाची रचना. उंचीचा नियम साधनाशी नव्हे, तर सवयीशी बांधलेला होता, हे त्यावरून उघड झाले. आश्चर्य असे की, स्कीच्या जगात मनगटाचा नियम मागे पडला, तरी फळीच्या जगात हनुवटीचा नियम अजून तग धरून आहे.

पहिला धडा : दाब

मऊ बर्फावर नुसत्या बुटांनी उभे राहिले तर पाय रुततात. फळीवर उभे राहिले तर रुतत नाहीत. का बरे? चिखलातून पलीकडे जाण्यासाठी आपण फळी टाकतो, त्याचेच हे उत्तर आहे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. समजा, एका मुलाचे वस्तुमान ६० कि.ग्रॅ. आहे. त्याचे वजन सुमारे ६०० न्यूटन होईल. त्याच्या दोन बुटांच्या तळव्यांचे क्षेत्रफळ मिळून ६०० चौ. सें.मी. धरू. म्हणजे बर्फावर दर चौ. सें.मी.ला १ न्यूटन बल पडले. आता तोच मुलगा १५० सें.मी. लांबीच्या फळीवर उभा राहिला. टोकांची गोलाई आणि मधला अरुंद भाग जमेस धरता तिचे क्षेत्रफळ सुमारे ३,६०० चौ. सें.मी. भरेल. दाब एकदम एकषष्ठांश झाला. मुलगा बर्फात न रुतता वर राहिला.

या हिशोबात मुलाची उंची कोठे आली? कोठेच नाही. बर्फाला कळते ते वजन आणि क्षेत्रफळ. आता १६५ सें.मी. उंचीचे दोन विद्यार्थी घ्या. एक ४५ कि.ग्रॅ.चा, दुसरा ७५ कि.ग्रॅ.चा. हनुवटीचा नियम दोघांनाही एकच फळी देतो. पण त्या फळीखालच्या दाबाचे प्रमाण तीनास पाच असे राहील. पहिल्याला फळी ओझ्यासारखी वाटेल आणि दुसऱ्याला ती ताज्या बर्फात पुढचे टोक खुपसून तोंडावर पाडील. फळ्या बनवणारे हे जाणतात. म्हणून ते प्रत्येक लांबीसाठी किती ते किती वजनाचा स्वार चालेल, याचा तक्ता देतात. ढोबळमानाने ४५ ते ५० कि.ग्रॅ. वजनाच्या स्वाराला १४० ते १४५ सें.मी.ची, तर ७५ कि.ग्रॅ. वजनाच्या स्वाराला १५५ ते १६० सें.मी.ची फळी योग्य ठरते. तक्त्यातील वजन हे स्वाराचे एकट्याचे असते. पाठीवर भरलेली पिशवी घेऊन जावयाचे असेल, तर तिचाही विचार करावयास हवा.

मग हनुवटीचा नियम इतकी वर्षे टिकला कसा? कारण साधे आहे. उंच माणूस बहुधा वजनदारही असतो. म्हणजे उंची ही वजनाची मुखत्यार म्हणून काम करीत होती. मुखत्याराचे काम बहुतेक वेळा बरे चालते. पण मूळ मालक समोर उभा असताना मुखत्याराशी बोलणी कशाला करावयाची? साधा वजनकाटा मिळत असताना उंचीवरून वजनाचा अंदाज बांधणे म्हणजे घड्याळ हातात असताना सावली पाहून वेळ सांगण्यासारखे आहे.

दुसरा धडा : लवणे आणि वळणे

फळी नुसती तरंगली म्हणजे भागत नाही; तिला वळवता आले पाहिजे. हे वळणे कसे घडते, ते पाहण्यासाठी एक प्रयोग करा. एक जुने पोस्टकार्ड घ्या. त्याच्या दोन्ही लांब कडा कात्रीने अशा कापा की मधला भाग प्रत्येक बाजूने अर्धा सें.मी. आत येईल. फळीचा आकार असाच असतो. तिची कंबर टोकांपेक्षा बारीक असते. आता ते कार्ड टेबलावरच्या कागदावर एका कडेवर तिरपे उभे करा आणि मधोमध बोटाने हलकेच दाबा. कार्ड वाकेल आणि सबंध कड कागदाला टेकेल. त्या कडेलगत पेन्सिल फिरवली, तर एक वक्ररेषा उमटेल. कार्ड आणखी तिरपे केले, तर वक्र अधिक आवळलेला येईल. बर्फावर फळी अशीच वळते. स्वार तिला कडेवर तिरपी करतो, त्याच्या भाराने ती लवते आणि कड बर्फात वर्तुळाचा कंस कोरीत जाते.

याचे गणितही सोपे आहे. बर्फाला टेकणाऱ्या कडेची लांबी आणि मधल्या वक्राची खोली ही दोन मापे घ्या. लांबीचा वर्ग करून त्याला खोलीच्या आठपटीने भागले की वर्तुळाची त्रिज्या जवळजवळ अचूक मिळते. कडेची लांबी १२० सें.मी. आणि खोली सव्वादोन सें.मी. असेल, तर १४,४०० भागिले १८, म्हणजे ८०० सें.मी. किंवा ८ मीटर. फळी ६० अंशांनी तिरपी केली, तर या त्रिज्येला ६० अंशांच्या कोज्येने, म्हणजे अर्ध्याने गुणावे. त्रिज्या ४ मीटर झाली. फळी जितकी तिरपी, तितके वळण लहान.

पण हे सर्व केव्हा? फळी लवली तर! पोस्टकार्डाऐवजी पत्र्याचा तुकडा घेतला, तर बोटाने दाबून तो वाकणार नाही आणि कड टेबलाला सर्वत्र टेकणारही नाही. एकाच पदार्थाच्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी १० टक्क्यांनी वाढली की ताठपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. एकाच प्रकारच्या फळ्यांत लांब फळी ही सहसा अधिक वजनाच्या स्वारासाठी बनवलेली असते आणि म्हणून ती अधिक ताठही असते. आता उंच पण सडपातळ मुलाचा विचार करा. शाळेत असे कितीतरी असतात. चौदा-पंधराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते आणि वजन मागून येते. हनुवटीचा नियम त्याला लांब फळी देतो. ती त्याच्या वजनाला मोठी असतेच, शिवाय ताठही असते. तो जीव तोडून जोर लावतो, फळी लवत नाही, वळण येत नाही. फळी आडवी घसरत जाते, उताराच्या बाजूची कड अचानक बर्फात अडकते आणि मुलगा आपटतो. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे करतो. नवशिक्या स्नोबोर्डरांना मनगटाची दुखापत सर्वांत अधिक होते, ती यामुळेच.

येथे पालकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, ही आपल्या घरोघरची रीत आहे, आणि कापडाच्या बाबतीत ती शहाणपणाची आहे. बाही दुमडता येते. फळी दुमडता येत नाही. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून घेतलेली मोठी फळी या वर्षीच मुलाची हौस संपवून टाकील.

तिसरा धडा : पावलाची लांबी

फळीची लांबी सगळे विचारतात. रुंदी फार थोडे विचारतात. वास्तविक पाय फळीवर आडवे असतात, त्यामुळे फळीच्या कंबरेची रुंदी आणि बुटाची लांबी यांचा मेळ बसावयास हवा. समजा, कंबर २५ सें.मी. आहे आणि बूट ३१ सें.मी. लांब आहे. बूट अगदी आडवा ठेवला, तर टाच आणि चवडा प्रत्येकी ३ सें.मी. फळीबाहेर येतील. बुटाचा तळ बर्फापासून सुमारे ३ सें.मी. उंच असेल, तर फळी ४५ अंशांनी तिरपी होताच बुटाचे टोक बर्फाला घासेल. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या झाल्या की कोन ४५ अंशांचा होतो, हे तुम्ही शिकला आहातच. टोक घासले की कड बर्फातून उचलली जाते आणि स्वार कोसळतो. तोच बूट केवळ दीड सें.मी. बाहेर असेल, तर फळी सुमारे ६३ अंशांपर्यंत निर्धास्त तिरपी करता येते.

उलट, लहान पावलाच्या मुलीला फार रुंद फळी दिली, तर तिचे चवडे आणि टाचा कडेपर्यंत पोचतच नाहीत. कडेवर जोर देण्यासाठी तिला विनाकारण अधिक कष्ट पडतात. पूर्वी स्त्रियांनी पुरुषांसाठी बनवलेल्या फळ्यांतील त्यातल्या त्यात आखूड फळी घेऊन काम चालवावे, अशीच अपेक्षा असे. १९९० च्या दशकात अरुंद कंबरेच्या आणि कमी ताठ अशा स्त्रियांसाठीच्या फळ्या निघू लागल्या. त्या आधी ज्या मुलींना ‘तुमच्यात ताकद कमी’ असे ऐकावे लागले असेल, त्यांच्यात ताकद कमी नव्हती; त्यांच्या पायाखाली दुसऱ्याचे माप होते.

कोणता बर्फ, कोणता खेळ?

वजन आणि पाऊल यांवरून माप जवळपास ठरते. शेवटचा निर्णय मात्र खेळाच्या प्रकाराने व्हावयास हवा. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ फार हलका असतो. त्याच्या एका घनमीटरचे वस्तुमान ५० ते १०० कि.ग्रॅ. इतकेच असते. यंत्राने दाबून तयार केलेल्या उताराच्या बर्फात ते ४०० ते ५०० कि.ग्रॅ. भरते. पहिल्या प्रकारच्या बर्फावर तरंगण्याचा प्रश्न असतो, म्हणून तेथे थोडी लांब, रुंद नाकाची फळी घेतात आणि पाय किंचित मागे बांधतात, म्हणजे पुढचे टोक वर राहते. गुलमर्गच्या अफरवत शिखराच्या उतारांवर खोल, भुसभुशीत बर्फ मिळतो. तेथे अशी फळी शोभते.

उड्या मारणे, हवेत गिरक्या घेणे ही ज्यांची आवड, त्यांना आखूड फळी बरी. कारण गिरकी घेताना फळीचे जडत्व आडवे येते. रुंदी आणि जाडी तीच ठेवून पट्टीची लांबी वाढवली, तर गिरकीला होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १५० ऐवजी १६० सें.मी.ची फळी घेतली, तर तो सुमारे २१ टक्क्यांनी वाढेल. या फळीची दोन्ही टोके सारखी असतात, कारण स्वार कधी उजवा पाय पुढे, तर कधी डावा पाय पुढे करून उतरतो. मात्र ऑलिंपिकमधील हाफपाइपच्या सुमारे ६.७ मीटर उंचीच्या कठीण बर्फाच्या भिंतींवर कड घट्ट पकडून राहावी लागते, म्हणून तेथे फार मऊ फळी चालत नाही. शर्यतीतील खेळाडूंचे साधन तर अगदीच वेगळे. ती फळी लांब, अरुंद आणि ताठ असते, कारण तिला भरधाव वेगात न थरथरता मोठे कंस कोरावयाचे असतात.

नवशिक्याला काय हवे? त्याचा वेग कमी, वळणे लहान आणि चुका पुष्कळ. तेव्हा त्याला वजनाच्या तक्त्यातील आखूड बाजूची, मऊ फळी द्यावी. तिची टोके किंचित वर उचललेली असावीत, म्हणजे कड नको तेथे अडकत नाही. एस.टी. बसच्या चाकांवरील कमानपाटे तुम्ही पाहिले असतील. ते उलटे धरल्यासारखी, मध्ये उंच कमान असलेली फळी भार पडताच टोकांनी बर्फ दाबून धरते. ती निष्णात माणसाला आवडते, पण नवशिक्याच्या चुका ती पोटात घालीत नाही.

अलीकडे काही फळ्या मुद्दामच आखूड आणि रुंद बनवतात. हिशोबासाठी त्या आयताकार आहेत असे समजू. १६० सें.मी. लांब आणि २५ सें.मी. रुंद फळीचे क्षेत्रफळ ४,००० चौ. सें.मी. होते. १४८ सें.मी. लांब आणि २७ सें.मी. रुंद फळीचे ३,९९६. जवळजवळ सारखेच! पहिली फळी ज्याच्या हनुवटीला लागते, त्याच्या खांद्याशी दुसरी पोचेल. तरी दोन्ही त्याला सारख्याच तरंगवतील. हनुवटीच्या नियमाला याहून वेगळे उत्तर कोणते द्यावे?

आक्षेप आणि उत्तरे

याउलट बाजूही ऐकली पाहिजे. उंचीला काहीच अर्थ नाही, असे माझे म्हणणे नाही. दोन पायांत किती अंतर ठेवावे, हे पायांच्या लांबीवरून, म्हणजे पर्यायाने उंचीवरून ठरते. मध्यम बांध्याच्या माणसाला हनुवटीचा नियम बरेचदा बरोबर उत्तरही देतो. पण जो नियम केवळ मध्यम माणसाला लागू पडतो आणि लठ्ठ, सडपातळ, लहान किंवा मोठ्या पावलाच्या माणसाला फसवतो, तो नियम सर्वांना लावणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा की, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. आधी शिका, मग फळीला नावे ठेवा. या म्हणण्यात तथ्य आहे. उत्तम फळी घेऊन कोणी आपोआप निष्णात होत नाही. डोक्यावर शिरस्त्राण, मनगटांना आधार आणि जाणकार शिक्षक यांची जागा कोणतीही फळी घेऊ शकत नाही. पण अंगण खरोखरच वाकडे असेल तर? नाचणाऱ्याने ते आयुष्यभर आपलेच पाय वाकडे आहेत, असे समजून बसावे काय?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. भाड्याच्या दुकानात मोजक्याच फळ्या असतील, तर निवडीला वाव कोठे? मला वाटते, वाव थोडा असतो तेव्हाच ज्ञान अधिक उपयोगी पडते. समोर दोनच फळ्या असतील, तरी नवशिक्याने त्यातली आखूड आणि मऊ कोणती, हे फळीचा मध्य हाताने दाबून ओळखावे आणि ती घ्यावी. बूट फळीवर आडवा ठेवून तो किती बाहेर येतो, तेही पाहावे. याला पैसे पडत नाहीत.

काय करावे?

मुलांना बर्फावर नेणाऱ्या शाळांना आणि संस्थांना माझी सूचना आहे. शिबिराच्या अर्जात उंचीबरोबर वजन आणि बुटाचे माप असे दोन रकाने ठेवावेत. वजन चारचौघांत मोठ्याने विचारू नये. या वयात कोणाला ‘काडी’, तर कोणाला ‘गोणी’ म्हणून चिडवले जाते आणि मग मुले खोटा आकडा सांगतात. खोट्या आकड्याची फळी खरी निघत नाही. आकडा कागदावर घ्यावा आणि तो माप ठरवण्यापुरताच वापरावा. शिक्षकांनीही दाब, जडत्व आणि कोज्या शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. पुस्तकातल्या सूत्राचा कोणाच्या तरी मनगटाशी संबंध आहे, हे एकदा समजले की ते सूत्र विसरत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बर्फावर जा अगर न जा, एवढे मात्र करा. कोणी एखादे माप सांगितले, तर हे माप कशाच्या ऐवजी घेतले आहे, असे विचारा. बॅट उंचीवरून निवडतात, ते योग्यच आहे, कारण बॅट जमिनीवर टेकवून तिच्यावर ओणवे व्हावयाचे असते. फळी उंचीवरून निवडतात, ते योग्य नाही, कारण फळीला तोलावयाचे असते ते वजन. ज्या वस्तूने जे काम करावयाचे, त्या कामावरून तिचे माप घ्यावे. कोणी फळी तुमच्या हनुवटीला लावून पाहू लागला, तर त्याला नम्रपणे सांगा, ‘काका, आधी माझे वजन विचारा, मग बुटाचा नंबर विचारा, आणि मला कोणत्या उतारावर जायचे आहे तेही विचारा.’ तो क्षणभर थबकेल; पण त्याने हे तीन प्रश्न विचारले, तर तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलालाही योग्य फळी मिळेल.